सतरा खोल्यांचा ताबा

योगराज बाविस्करांना भाडेकरूंचे सल्लागार नेमलं ते दगा अण्णांनी, आणि तेही बाविस्कर सभेतून उठून पाणी प्यायला गेले होते तेवढ्या अवधीत. परत येऊन सतरंजीवर टेकतात तोच टाळ्या सुरू झाल्या. कशाबद्दल ते न समजल्यामुळे बाविस्करांनीही वाजवल्या. शेजारच्याने गळ्यात हार घातला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की सभेत काय ठरलं हे माहीत नसलेला माणूस आपण एकटेच आहोत.

दगा अण्णा म्हणजे सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या खानदेशी मंडळाचे अध्यक्ष. स्टीलच्या भांड्यांचं दुकान, भरघोस मिशा, आणि समाजकार्य दुसऱ्याने केलेलं पाहण्याची मनापासून आवड. "योगराजभाऊ," ते म्हणाले, "आपली निम्मी माणसं इथे भाड्याने राहतात. मालक कधी नळ तोडतो, कधी पत्रे काढून नेतो. त्यांना कायदा सांगणारं कोणी नाही. तुम्ही मिलमध्ये आवक-जावक बघता, तुम्हाला कागदाची सवय आहे. दर रविवारी सकाळी दोन तास बसायचं. निव्वळ सेवा!"

बाविस्कर एका डाइंग मिलमध्ये आवक-जावक कारकून होते. अठरा वर्षं आलेल्या कागदावर 'आला' आणि गेलेल्या कागदावर 'गेला' असं लिहीत आल्यामुळे आपल्या हातून कधी काही घडलं आहे असं त्यांना वाटतच नसे. 'सेवा' हा शब्द कानावर पडला आणि ते विरघळले.

शहरात एका संस्थेने दोन दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. सगळं गुजरातीत. बाविस्करांना बाजारापुरतं गुजराती येत असे, कायद्यापुरतं नव्हे, त्यामुळे मान हलवायची जागा ते शेजारच्याकडे बघून ठरवत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना एक प्रमाणपत्र मिळालं आणि एक पिवळ्या कव्हराची चोपडी. घरी आल्यावर उज्ज्वलाबाईंनी प्रमाणपत्र हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "यात आपली मोरी बसते का?"

कारण बाविस्करही भाड्यानेच राहत होते आणि त्यांची मोरी तीन वर्षं गळत होती. मालकाला सांगायचं म्हणून ते दर महिन्याला जात आणि त्याच्या प्रकृतीची चौकशी करून परत येत.

"हे दुसऱ्यांसाठी आहे," बाविस्कर म्हणाले.

"ते कळलंच," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

पहिले चार रविवार मंडळाच्या खोलीत टेबल, खुर्ची, चोपडी आणि बाविस्कर एवढेच होते. पाचव्या रविवारी एक गृहस्थ आले. त्यांनी अतिशय बारकाईने प्रश्न विचारले. कोणत्या कारणाने खोली जाऊ शकते, कोणत्या कारणाने जात नाही, नोटीस कशी लागते. इतका अभ्यासू भाडेकरू पाहून बाविस्करांना भरून आलं. त्यांनी चहा मागवला. चहा संपल्यावर कळलं, की गृहस्थ घरमालक होते आणि त्यांना दोन बिऱ्हाडं काढायची होती. समोरच्या घरातले सखाराम तात्या पोस्टातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "सल्लागाराने आधी माणूस कोणता ते विचारावं, मग चहा." तेव्हापासून बाविस्कर आधी विचारू लागले. त्यामुळे जे दोघेतिघे येत होते तेही घाबरून येईनासे झाले.

आणि मग कलाबाई आल्या.

कलाबाई पारोळ्याकडच्या. नवरा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता, तो बारा वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून त्या लूमवरच्या एकट्या पोरांचे डबे करत. त्यांची खोली ठाकोरभाईंच्या चाळीत. एकाला एक लागून सतरा खोल्या, मध्ये अंगण, अंगणात एक हातपंप. या पंपाला सुरतेत सगळे डंकी म्हणतात. ठाकोरभाईंना ती चाळ पाडून लूमची शेड घालायची होती, आणि माणसं उठत नव्हती, म्हणून त्यांनी एके सकाळी डंकीचा दांडा काढून स्कूटरला बांधून नेला.

"नुसता दांडा?" बाविस्करांनी विचारलं.

"हो भाऊ. डंकी तठेच शे. दांडा नही. आते पानी कसं काढानं?" कलाबाई म्हणाल्या.

बाविस्करांच्या चोपडीत पाणी तोडणे हा गुन्हा होता. ते उत्साहाने तक्रार घेऊन कचेरीत गेले. पहिल्या खिडकीवरच्या माणसाने ती वाचली आणि म्हणाला, "पाणी तोडलंय कुठे? पाणी जमिनीत आहे." दुसऱ्या खिडकीने विचारलं, डंकी कोणाची? बाविस्कर म्हणाले, मालकाची. मग दांडा कोणाचा? तोही मालकाचाच. "मग मालकाने स्वतःचा दांडा स्वतःच्या घरी नेला, यात तक्रार काय?" तिसऱ्या खिडकीवर एक सज्जन बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि दांडा हरवल्याची नोंद पोलिसात करा असं सांगितलं. पोलीस म्हणाले, हरवलेल्या वस्तूचं वर्णन द्या. बाविस्करांनी कागदावर दांड्याचं चित्र काढून दिलं. ते चित्र हातोहात फिरलं. आतल्या खोलीतून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. बाविस्कर बाकावर ताठ बसून राहिले.

शेवटी दांडा मिळाला तो भंगारवाल्याकडे, आणि तो बसवला कलाबाईंच्या शेजारच्या लोटूने. लोटू लूमवर फिटर होता. त्याने अर्ध्या तासात दोन बोल्ट मारून काम उरकलं. पण पाणी आलं तेव्हा सगळ्या चाळीने बघितलं ते बाविस्करांकडे. बायका, म्हातारे, लोटूची बाळंत झालेली बायको सुंदरा, सगळे. अठरा वर्षांत त्यांच्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. ते ओट्यावर चढले आणि बोलायला लागले.

"मालक पुन्हा काहीतरी करणार. करू द्या. आपल्या हातात एकच गोष्ट आहे, ताबा! खोली सोडायची नाही. एक दिवस कुलूप दिसलं, की तिथे मालकाचं कुलूप आलं समजा. काही झालं तरी ताबा सोडायचा नाही!"

लोटूने दुसऱ्याच दिवशी गेरूने भिंतीवर लिहून टाकलं, 'काही झालं तरी ताबा सोडायचा नाही.' खाली 'हुकमावरून, यो. बाविस्कर'. हुकूम हा शब्द बाविस्करांना खटकला, पण तो पुसायला सांगावं इतका खटकला नाही.

त्या वर्षी पूर येऊन गेला होता. गणपती बुडाले, पितृपंधरवडा लागला, आणि शहरात प्लेग आल्याची बातमी आली.

ज्यांनी ते चार दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. दुकानं बंद, दवाखाने बंद, औषधाच्या दुकानांतून कॅप्सूल गायब, आणि जो तो तोंडाला रुमाल बांधून स्टेशनाकडे. बाविस्करांच्या मिलचा भोंगा वाजला नाही. सखाराम तात्यांनी खिशात कांदा ठेवायला सांगितलं, आणि स्वतः दोन कांदे ठेवून दुपारच्या गाडीने निघून गेले. उज्ज्वलाबाईंनी दोन पिशव्या भरल्या. माहेर चोपड्याला. मुलगी हर्षदा नववीत होती. ती रुमालातून गुजरातीत काहीबाही विचारत होती आणि कोणी उत्तर देत नव्हतं. तिघं पायीच उधना स्टेशनाकडे निघाले. रिक्षावाले आधीच पळाले होते.

वाटेत ठाकोरभाईंची चाळ लागली. बाविस्करांनी सहज आत डोकावलं. त्यांना वाटलं होतं कुलपं दिसतील. अंगणात सगळी चाळ बसून होती. सतराच्या सतरा बिऱ्हाडं, तोंडाला पदर आणि पंचे बांधून, बोचकी बांधलेली, पण बसलेली. सुंदराच्या मांडीवर दोन महिन्यांचं मूल.

"तुम्ही गेला नाहीत अजून?" बाविस्कर ओरडलेच.

कलाबाई उठल्या. "भाऊ, तुम्हीनच सांगं ना, ताबा सोडानं नही म्हनीसन? मंग आम्ही कसं जावानं?"

त्यांच्या मागे भिंतीवर गेरूची अक्षरं होती. 'काही झालं तरी.' हे लोक मरणाच्या भीतीने थरथरत होते, आणि एका आवक-जावक कारकुनाने ओट्यावर चढून काहीतरी बोलल्यामुळे जागचे हलत नव्हते.

"अहो, जीव महत्त्वाचा! जा! आत्ताच्या आत्ता जा!"

"आनि खोल्या?" लोटूने विचारलं.

"खोल्यांचं मी बघतो! ताबा मी सांभाळतो! जा तुम्ही!"

हे त्यांनी धीर देण्यासाठी म्हटलं होतं. लग्नघरी आपण म्हणतो ना, काळजी करू नका, आम्ही आहोत, तसं. पण चाळीने ते शब्दशः घेतलं. पहिली किल्ली लोटूने आणून हातात ठेवली. मग दुसरी, तिसरी. म्हातारे पाया पडायला लागले. कलाबाईंनी आपली किल्ली शेवटी दिली आणि म्हणाल्या, "चुल्हापासले भाकरी शेतस. खाई लिज्यात." पाच मिनिटांत अंगण रिकामं झालं. बाविस्कर दोन्ही ओंजळींत किल्ल्या घेऊन उभे, आणि समोर उज्ज्वलाबाई.

उज्ज्वलाबाईंनी दोन्ही पिशव्या उचलल्या आणि त्या स्टेशनाकडे चालू लागल्या. प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नव्हती. बाविस्करांनी हर्षदाला खिडकीतून आत सरकवलं, मग पिशव्या, मग एका ओळखीच्या माणसाच्या मदतीने उज्ज्वलाबाईंना. खिडकीतून हर्षदा रडत म्हणाली, "पप्पा, तमे नथी आवता?" तेव्हा उज्ज्वलाबाई रुमाल खाली ओढून म्हणाल्या, "नाही येणार ते. स्वतःच्या मालकाला मोरी दुरुस्त कर म्हणायची हिंमत नाही, आणि चालले सतरा खोल्या राखायला." मग गाडी हलली आणि त्यांनी घाईघाईने पदराची गाठ सोडून चार कॅप्सूल बाहेर टाकल्या. कुठून मिळवल्या होत्या कोण जाणे. दोन रुळांवर पडल्या. दोन बाविस्करांना सापडल्या.

रिकामी चाळ ही फार वाईट गोष्ट आहे. पहिल्या दिवशी बाविस्कर नुसते कलाबाईंच्या ओट्यावर बसून राहिले. पितृपंधरवड्यात कावळे पुष्कळ येतात, पण पानं ठेवणारं कोणी उरलं नव्हतं. ते अंगणात उतरून बाविस्करांकडे बघत आणि निघून जात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चोपडी काढली. त्यात ताब्याच्या खुणा दिल्या होत्या. घरात भांडी असावीत, चूल पेटती असावी, कपडे वाळत असावेत. बाविस्कर कामाला लागले. रोज सकाळी ते सतरा कुलपं उघडत, सतरा उंबरे झाडत, प्रत्येक खोलीतून एकेक लुगडं किंवा धोतर काढून, ओलं करून, पिळून दोरीवर घालत. सतरा चुली पेटवायला रॉकेल पुरेना, म्हणून ते पाळीपाळीने रोज तीन पेटवत आणि त्यातल्या एकीवर आपली खिचडी शिजवत. दुपारी कपडे वाळले की घड्या घालून ज्याच्या त्याच्या खोलीत. कोणतं लुगडं कोणाचं याची त्यांनी वहीच केली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'आला' आणि 'गेला' यांपलीकडचं काही लिहायला मिळत होतं. पण घसा जरा खवखवला की ते काखेत हात घालून गाठ चाचपून बघत.

सहाव्या दिवशी औषध वाटणारं पथक आलं. दोन माणसं, तोंडाला पट्ट्या, पाठीवर पावडरचा पंप, हातात रजिस्टर.

"इथे कोण राहतं?"

बाविस्करांना ठाकोरभाई दिसू लागले. कोणी राहत नाही असं सरकारी कागदावर चढलं तर ताबा गेला. ते खाकरून म्हणाले, "सतरा कुटुंबं. एकूण चौऱ्याहत्तर माणसं."

"बोलवा त्यांना."

"आत्ता नाहीत."

"कुठे गेली?"

"गेली नाहीत. राहतातच. फक्त या क्षणी नाहीत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोरीवरच्या सतरा ओल्या कपड्यांकडे. मग धुमसणाऱ्या तीन चुलींकडे. "काका, आजारी माणसं लपवलीत का आत?" त्यांनी एकेक खोली तपासायला सुरुवात केली आणि पंप मारत गेले. नवव्या खोलीत पावडर बाविस्करांच्या नाकात गेली आणि त्यांना शिंक आली. एक नव्हे, एकापाठोपाठ अकरा शिंका आल्या. दोघेही मागे सरकले.

"मी येऊ शकत नाही! माझ्याकडे ताबा आहे!" बाविस्कर कुलपं लावता लावता ओरडत होते, आणि ते दोघे त्यांना गाडीत बसवत होते. इस्पितळात त्यांना पूर्ण दीड दिवस ठेवलं. शेजारच्या खाटेवरचा एक ओडिया पोरगा सारखा खोकत होता आणि मध्येच बाविस्करांचा हात धरत होता. त्याची भाषा बाविस्करांना येत नव्हती. हात सोडवून घ्यावा असं त्यांना फार वाटलं, पण जमलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाविस्करांना काही झालेलं नाही असं सांगितलं. बाहेर पडताना त्यांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिच्यावरची चादर बदललेली होती. कोणाला विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

ते धावत चाळीत आले. सतराही कुलपं जागेवर होती. दोरीवरचे कपडे तेवढे वाळून कडक झाले होते. बाविस्कर ओट्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मग उठून त्यांनी कपड्यांच्या घड्या घातल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी ठाकोरभाई उगवले. ते त्यांच्या गावाकडे जाऊन राहिले होते, आता धीर करून आले होते. स्कूटर, नाकाला रुमाल, आणि बरोबर आणखी दोघे, तेही रुमालवाले. बाविस्कर त्या वेळी सुंदराचं हिरवं लुगडं झटकून दोरीवर टाकत होते.

"बाविस्करभाई!" ठाकोरभाई अतिशय गोड आवाजात म्हणाले. "तमे अहीं रहो छो?"

बाविस्करांनी छाती पुढे काढली. या क्षणासाठी तर ते दोन आठवडे मृत्यूच्या दाढेत बसले होते. "होय! इथेच राहतो!"

"कोणत्या खोलीत?"

"सतराच्या सतरा! सगळ्यांचा ताबा माझ्याकडे आहे. एका खोलीला हात लावून दाखवा!"

"ना ना, मी कशाला हात लावू?" ठाकोरभाईंनी कानाला हात लावला. "मारे तो खाली कागळ जोईए. तुम्ही शिकलेले माणूस. दोन ओळी लिहून द्या, की ताबा तुमच्याकडे आहे. मग मी पाऊल नाही टाकणार."

मालक ताब्याची कबुली मागतो आहे, तीही लेखी! बाविस्करांना सभेतल्या सगळ्या टाळ्या एकदम ऐकू आल्या. त्यांनी वहीतला कागद फाडला आणि आपल्या सुरेख कारकुनी अक्षरात लिहिलं, 'वरील चाळीतील खोल्या क्रमांक एक ते सतरा यांचा संपूर्ण ताबा आजमितीस माझेकडे असून मी तेथे राहत आहे.' खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा सल्लागार. बरोबर आलेल्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. ठाकोरभाईंनी कागद घडी करून खिशात ठेवला, नमस्कार केला, आणि जाताना डंकीचं पाणी पिऊन गोड आहे म्हणाले.

नवरात्रात माणसं परतू लागली. लोटू आला, सुंदरा आली, मूल गुटगुटीत होऊन आलं. चाळीतलं एकही माणूस दगावलं नव्हतं. प्रत्येकाला किल्ली मिळाली, झाडलेला उंबरा मिळाला, धुतलेली लुगडी मिळाली. कलाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा करून बाविस्करांना वाढला. उज्ज्वलाबाईही परत आल्या आणि ते सगळं ऐकून म्हणाल्या, "बारीक झालात." त्यांच्याकडून हे पुष्कळ होतं. दगा अण्णांनी दसऱ्याला बाविस्करांचा सत्कार केला, शाल दिली. या वेळी टाळ्या कशाबद्दल आहेत हे बाविस्करांना माहीत होतं.

शाल नऊ दिवस खुंटीवर होती. दहाव्या दिवशी चाळीत सतरा नोटिसा आल्या.

त्यात लिहिलं होतं, की भाडेकरूंनी मालकाच्या संमतीवाचून आपल्या खोल्या योगराज बाविस्कर नावाच्या इसमास राहावयास दिल्या, सबब तो पोटभाडेकरू ठरतो, सबब खोल्या खाली कराव्यात. सोबत बाविस्करांच्याच हातच्या कागदाची नक्कल होती. बाविस्करांनी चोपडी उघडली. अगदी शेवटच्या पानांवर ते होतं. खोली दुसऱ्याला राहायला देणे, हे भाडेकरूला काढण्याचं सबळ कारण. शिबिरात हे सांगितलं तेव्हाही त्यांनी मान हलवली असणार.

शिबिर घेतलेल्या संस्थेच्या वकीलबाईंकडे ते गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, आणि बराच वेळ डोळे चोळले. "केस जिंकता येईल," त्या म्हणाल्या. "हे राखण करणं आहे, पोटभाडं नव्हे. पण हे तुमचं पत्र... आणि वेळ. सात-आठ वर्षं धरा."

सात-आठ वर्षं! लूमवरचा माणूस तारखेला गेला की त्या दिवसाचा रोज बुडाला. लागोपाठ तीन तारखांना गेला की त्याच्या लूमवर दुसरा माणूस. बाविस्कर मात्र प्रत्येक तारखेला हजर असत. ठाकोरभाईंचा वकील त्यांच्याकडे बोट दाखवून 'हाच तो पोटभाडेकरू' असं म्हणे, आणि कोर्टातले सगळे वळून बघत. आयुष्यात त्यांनी कोणाची एक पेन्सिलही परत करायची ठेवली नव्हती. ते मान खाली घालून बसत.

चाळीतलं कोणी त्यांना एका शब्दाने बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. उलट लोटू त्यांना धीर देई. "आम्ही जित्ता उनूत ना भाऊ, बस व्हयनं." संक्रांतीला लोटू-सुंदरा खोली सोडून कतारगामला राहायला गेले. मग एकेक बिऱ्हाड उठत गेलं. बाविस्कर प्रत्येक हातगाडीला नाक्यापर्यंत हात लावत. मंडळाच्या दारावरचा भाडेकरू-सल्ल्याचा फलक दगा अण्णांनी हळूच काढला आणि मागच्या बाजूने रंगवून घेतला. रविवारची खोली आता भिशीला दिली होती. होळीपर्यंत चाळीत एकट्या कलाबाई उरल्या.

"मी बी जास," त्या चैत्रात म्हणाल्या. डबे खाणारी बरीच पोरं शहराबाहेर कडोदऱ्याच्या लूमवर गेली होती. तिकडेच खोली बघायची होती. "मी येतो बरोबर," बाविस्कर म्हणाले. कलाबाईंनी नको म्हटलं नाही.

सामान टेम्पोत टाकून दोघं कडोदऱ्याला गेली. पहिल्या मालकाने खोली दाखवली, चांगली होती. मग त्याने बाविस्करांकडे बोट केलं. "ये कौन?"

कलाबाईंनी अभिमानाने सांगितलं, "ये हमारे भाऊ. कायदा जानते. भाडेवाले लोग के लिए कोर्ट में जाते."

मालकाने खोलीचं दार ओढून घेतलं. दुसऱ्या मालकापाशी बाविस्कर स्वतःच 'दूरचा नातेवाईक' म्हणाले. पण खोलीला खिडकी किती, पाणी कोणत्या वेळेला, पावती मिळेल का, हे सगळं त्यांनी इतक्या सवयीने विचारलं, की त्याने "वकील है क्या?" म्हणून हात जोडले. तिसऱ्याने तर त्यांना ओळखलंच. तो ठाकोरभाईंचा साडू निघाला.

ऊन चढलं होतं. टेम्पोवाला घाई करत होता. कलाबाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भाऊ, राग नका येऊ द्यात. तुम्ही घर जा. तुम्ही आठे शेतस तवलग माले कोनी खोली देवाव नही."

त्यांनी हे इतक्या मायेने सांगितलं, की बाविस्करांना मान हलवण्यावाचून दुसरं काही सुचेना. या वेळी मान बरोबर जागी हलली. ते रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या टपरीमागे जाऊन उभे राहिले. कलाबाई एकट्या चौथ्या दारात गेल्या. काही वेळ हात हलवत बोलल्या. मग बाहेर येऊन टेम्पोवाल्याला हाक मारली. स्टोव्ह उतरला, पिठाचा डबा उतरला, पाटा उतरला. बाविस्कर पाटा धरायला चार पावलं पुढे गेले आणि थांबले. सगळं सामान आत जाईपर्यंत ते टपरीमागे उभे होते. मग बस धरून घरी आले.

उज्ज्वलाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "मिळाली का त्यांना खोली?"

"मिळाली."

"चला, बरं झालं. तुम्ही काय केलंत?"

बाविस्करांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या.

"मी तिथून निघून आलो," ते म्हणाले.

उज्ज्वलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पान वाढायला घेतलं.